दादांच्या पाइपांची परीक्षा

५ ऑक्टोबर

भाऊजी,

वयाने तुम्ही माझ्याहून मोठे आणि नात्याने धाकटे, त्यामुळे तुम्हाला नमस्कार लिहावा की आशीर्वाद, हे लग्न झाल्यापासून मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही पाठवते. लागेल ते ठेवून घ्या, उरेल ते परत पाठवा.

हे गेले तेव्हा तुम्ही आठ दिवस राहून गेलात, त्यानंतर आपलं धड बोलणं नाही. फोनवर तुम्ही "बरं आहे ना? बरं" एवढंच म्हणता आणि ठेवून देता. पत्रात निदान चार ओळी तरी लिहाल, म्हणून हा उद्योग.

काम तुमच्या दादांच्या पाइपांचं आहे. सहा पाइप कपाटात ओळीने उभे आहेत. लेक दर रविवारी फोनवर म्हणते, "आई, ती अडगळ काढून टाक." अडगळ काय आणि ठेवण्यासारखं काय हे मला कसं कळणार? तुम्ही उभी हयात वजनमापं खात्यात काढलीत, लोकांच्या तराजूंमधली खोट काढलीत. तर मला एवढं सांगा, की पाइप ओढायला चांगला की वाईट हे ठरवतात कसं? बाहेरून तर सगळे सारखेच काळे दिसतात.

शेजारच्या गृहस्थांना एखादा हवा आहे. त्यांनी दोन ओढून पाहिले. म्हणतात, धूर कडू लागतो, जीभ भाजते आणि आतून गुडगुड आवाज येतो. हा दोष पाइपाचा की ओढणाऱ्याचा, ते कळवा.

यांच्या खालच्या फोटो स्टुडिओत आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आलं आहे. यांच्या नावाची पाटी अजून वरच आहे. माझं शिवणाचं मशीन चालू असतं. शाळा सुरू होऊन चार महिने झाले तरी गणवेशाची गिऱ्हाइकं संपत नाहीत.

तुमची वहिनी


१२ ऑक्टोबर

वहिनी,

आशीर्वाद ठेवून घेतले, नमस्कार परत पाठवतो आहे. माझी उधारी नको.

शेजारच्या गृहस्थांना सांगा, नाचता येईना अंगण वाकडं. पाइप कडू नसतो, घाई कडू असते. दोन पाइपांची तुलना करायची तर तंबाखू एक हवी, वेळ एक हवी, खुर्ची एक हवी. आज जेवणानंतर एक ओढला आणि उद्या उपाशीपोटी दुसरा, तर ती परीक्षा नव्हे, थट्टा झाली. आणि एकदा ओढलेला पाइप दुसऱ्या दिवशी ओढू नये. त्याला वाळायला वेळ द्यावा.

तुमचं पत्र मी गुरुवारी आमच्या मंडळींपुढे वाचलं. आमची मंडळी तुम्हाला माहीत नाही. चष्मेवाले, मास्तर आणि कप्तान. कप्तान कधी बोटीवर चढलेला नाही, बंदरावर तिकिटं फाडायचा. पण टोपी होती, म्हणून कप्तान. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही माझ्या खोलीवर बसतो आणि पाइपांवर भांडतो. चष्मेवाल्यांचं मत असं, की दादाच्या पाइपांत पांढऱ्या दगडाचा सर्वांत थंड. मास्तरांचं मत सरळ दांडीच्या जाड पाइपाला. कप्तान म्हणाला, मक्याच्या कणसाचा पाइप पोरांनी ओढावा. मी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि पांढऱ्यालाच पहिला नंबर दिला. तो मला द्या असं मी म्हणणार नाही, पण शेजाऱ्याला देऊ नका एवढं म्हणतो.

बाकी दादाला पाइप ओढता येत नव्हता, हे मी त्याच्या तोंडावर सांगत आलो. मी एका काडीत बुडापर्यंत जातो. मधे विझणं नाही, पुन्हा पेटवणं नाही. मंडळींत हा मान माझा आहे.

एक शंका येते. कडू आणि गुडगुड ही दोन्ही लक्षणं ओल्या पाइपाची आहेत. दादा गेल्यावर ते पाइप कोणी धुतले का?

तुमचा दीर


२० ऑक्टोबर

भाऊजी,

धुतले. मीच धुतले. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात हाताला काही काम हवं होतं. पडदे धुतले, चादरी धुतल्या, मग कपाट काढलं. पाइपांच्या आत बोटबोट काळं बसलेलं. बाटलीचा ब्रश घेतला, साबण घेतला, आतून खसाखसा घासले आणि गच्चीत उन्हात मांडले. इतके लख्ख निघाले, की मी स्वतःशीच म्हटलं, इतकी वर्षं माणूस एवढ्या घाणीतून धूर घेत होता आणि मला कळलं नाही! आता तुमच्या पत्रावरून दिसतंय की ती घाण नव्हती. काय केलं मी ते स्पष्ट सांगा. आडून आडून सांगू नका, तुम्हाला ते जमत नाही.

दुसरं. शेजारचे गृहस्थ नाहीत. शेजारी एक बाई राहतात आणि त्यांना दमा आहे. पाइप मी ओढते.

हसून झालं असेल तर पुढे वाचा. संध्याकाळी मशीन बंद केलं की या घराला कसलाच वास येत नाही. आधी पडद्यांना यायचा, ते मी धुतले. मग यांच्या कोटाच्या अस्तराला यायचा, तो हुंगून हुंगून मीच संपवला. फोटो आहेत, फोटोंची कमी नाही, फोटोग्राफरचंच घर. पण फोटोकडे मला बघायचं असतं, तेव्हाच तो दिसतो. वास कसा, मी पाठमोरी असले तरी यायचा. मी इकडे शिवत असायची आणि हे माझ्या मागे खुर्चीत बसलेत, हे मला न बघता कळायचं.

मला एकदा, फक्त एकदा, मशीनवर बसलेली असताना तो वास पाठीमागून यायला हवा आहे. तंबाखू यांच्याच डब्यातली आहे. खोली तीच आहे. सहांपैकी कुठल्या पाइपाचा तो वास होता ते मला माहीत नाही, कारण मी कधी वळून पाहिलं नाही.

तर आता शिकवा.

तुमची वहिनी


२७ ऑक्टोबर

वहिनी,

हसलो. खोटं कशाला सांगू? मग पत्र पुन्हा वाचलं आणि हसू गेलं.

स्पष्ट सांगतो. आतलं काळं म्हणजे काजळीचा थर. तो वर्षानुवर्षं बसतो, लाकडाला जळू देत नाही आणि धुराला चव देतो. तो तुम्ही घासून टाकलात. त्यात तुमची चूक नाही. स्वच्छ बाईच्या हाती पाइप लागला की दुसरं काय होणार? लाकूड साबणाचं पाणी प्यायलं आहे. कागदावर आठवडाभर आडवे ठेवा, वाळतील.

तोवर दोन पाइप चालतील. कणसाचा आणि पांढऱ्या दगडाचा, त्यांना थराची फारशी गरज नसते. भरताना उशीत कापूस भरता तसं करा. तळाला सैल, वर जरा दाबून. पेटवली की पहिली काडी फुकट जाऊ द्या. वरचा थर फुगतो, तो हलक्या हाताने दाबा आणि पुन्हा पेटवा. खरी काडी ती, मोजायची तीच. मग ओढू नका, घोट घ्या, गरम चहाचा घेता तसा. धूर गिळायचा नाही. तोंडातून सोडून द्यायचा. ठसका लागला तर तुम्ही गिळलात असं समजा.

मंडळींना तुमचं खरं कारण सांगितलं नाही. "एक नवशिका आहे" एवढंच सांगितलं. मास्तर म्हणाले, नवशिक्याला रोज एकच पाइप, जास्त नाही. चष्मेवाले म्हणाले, खिडकी बंद ठेवा, वाऱ्याने तंबाखू भराभरा जळते. कप्तान म्हणाला, शाबास.

कुठला पाइप न धुता राहिला असेल तर शोधा. एकही राहिला असेल, तर काम होईल.

तुमचा दीर


२५ नोव्हेंबर

भाऊजी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण परीक्षा चालू होती. निकाल पाठवते.

कणसाचा पाइप गोड आणि हलका, पण मलमलीच्या कापडासारखा, दोन दिवसांत विरणारा. कप्तानांचं मत मला पटलं नाही. पोरांनी नव्हे, माझ्यासारख्या बायकांनी ओढावा असा आहे. पांढऱ्या दगडाचा खरंच थंड. त्याचा धूर तोंडात आहे की नाही हेच कळत नाही. फार सभ्य पाइप आहे, पाहुण्यांसमोर काढावा. वाकड्या दांडीचा अजून गुडगुडतो, त्याच्या पोटात कायम पाणी. जाड सरळ पाइप तापतो इतका, की हातात धरवत नाही. मास्तरांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, तुमचा उमेदवार नापास. उरलेले दोन मध्यम, ना चांगले ना वाईट.

आणि ऐका, मी एका काडीत बुडापर्यंत जायला लागले आहे! काल सांगायला कोणी नव्हतं, म्हणून आज तुम्हाला सांगते. शेजारच्या बाईंना वास जातो. त्यांना वाटतं मी डास घालवायला काहीतरी जाळते. मीही हो म्हणते.

आता मुख्य गोष्ट. सातवा पाइप सापडला. मागच्या अंधाऱ्या खोलीत, जिथे हे फोटो धुवायचे, दाराआड यांचा काळा अॅप्रन अजून टांगलेला आहे. त्याच्या खिशात. न धुतलेला, आत जाड काजळी, आणि त्यात अर्धी जळून विझलेली तंबाखू. ती टाकली, तुम्ही शिकवलंत तशी नवी भरली, यांच्या खुर्चीत बसून अगदी निगुतीने ओढला. धूर असा सरळ, गोड आणि गार, की बाकीच्या सहांना त्याने मागे टाकलं. शंभर गुण.

पण वास तो नाही. चांगला आहे, पण यांचा नाही. धूर सोडून चटकन उठून मशीनवर जाऊन बसले, पाठ करून. नाही. दुसऱ्याच कोणाचा तरी वास आल्यासारखं वाटलं. दोन आठवडे रोज करून पाहिलं. तंबाखू तीच, खोली तीच, पाइप तोच, काजळीसुद्धा यांचीच. मग चुकतंय कुठे? मला आता भीती वाटते, की मी तो वास विसरले आहे आणि समोर आला तरी मला ओळखता येणार नाही.

मंडळींना विचारा. सोबत चार तंबाखूच्या पिशव्या पाठवते, यांच्या करड्या सुटाच्या कापडातून शिवल्या आहेत. तुम्हाला एक आणि त्या तिघांना एकेक. माझ्यासाठी इतका विचार करतात, त्यांना माझ्याकडून काहीतरी जायला हवं.

तुमची वहिनी


१८ डिसेंबर

भाऊजी,

पार्सल मिळालं ना? उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना, एवढं एका ओळीत कळवा. फोन तुम्ही उचलत नाही.

वहिनी


२ जानेवारी

वहिनी,

पार्सल वेळेवर मिळालं. तब्येत ठणठणीत आहे. पिशव्या चार आहेत आणि माझं टेबल लहान आहे, त्यामुळे रोज त्यांच्याकडे बघतच जेवावं लागतं. म्हणून उशीर.

मंडळी नाहीत. मास्तर तीन वर्षांपूर्वी गेले. चष्मेवाल्यांना मुलगा घेऊन गेला. पहिल्या वर्षी त्यांचं पत्र यायचं. कप्तान आहे, पण त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत. गुरुवारी मी त्याच्याकडे जाऊन बसतो. त्याची सून चहा देते आणि म्हणते, "बाबा, तुमचे मित्र आलेत." तो मला अगत्याने "बसा" म्हणतो, अनोळखी माणसाला म्हणतात तसं. जी मतं तुम्हाला कळवली ती सगळी माझीच. मास्तर असते तर असं म्हणाले असते, कप्तान भानावर असता तर तसं, असं मनाशी बोलत मी लिहीत गेलो आणि बरं वाटत गेलं. तुम्ही त्यांच्यासाठी पिशव्या शिवाल असं वाटलं नव्हतं. माझी लाज वाटली, वहिनी.

आता वासाचं. हे मला तुमचं पत्र वाचलं तेव्हाच कळलं होतं. लिहायला धीर झाला नाही.

तुमची चूक अशी, की तुम्ही फार चांगला पाइप ओढता. मीच शिकवलं. अॅप्रनच्या खिशातल्या पाइपात तंबाखू अर्धी जळून विझलेली होती, असं तुम्ही लिहिलंत. दादाचे सगळे पाइप तसेच असायचे. तो पेटवायचा, दोन घोट घ्यायचा आणि बोलायला लागायचा. पाइप हातात, हात हवेत, आणि अमक्या बाईने फोटोत हसायला कसा नकार दिला त्याची कथा. कथा संपेपर्यंत पाइप विझलेला. पुन्हा काडी. मग तुम्ही मशीनवरून काहीतरी विचारणार, तो उत्तर देणार, पुन्हा विझलेला. त्याच्या राखदाणीत राख कमी आणि काड्या जास्त असत. मी आलो की त्या काड्यांवरून त्याला चिडवत असे.

विझलेली तंबाखू पुन्हा पेटवली की तिला करपट, आंबूस वास येतो. कुठलाही जाणकार त्याला शून्य गुण देईल. तुम्ही शोधताय तो वास हा आहे. तो कुठल्याच पाइपाचा गुण नाही, ओढणाऱ्याचा दोष आहे, आणि तो दोष माणसात तेव्हाच येतो जेव्हा समोर बोलायला कोणी असतं. तुमचा पाइप एका काडीत बुडापर्यंत जातो, कारण तुम्ही त्या खोलीत कोणाशी बोलत नाही.

माझाही कधी विझत नाही. याची मी इतकी वर्षं फुशारकी मारली. तुमच्या पत्राचं उत्तर लिहायला बसलो, तेव्हा त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला.

उपाय सोपा आहे. पाइप हातात घेऊन बोला. कोणाशी, ते मला सांगता येत नाही.

तुमचा दीर


१९ जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तुमच्यावर रागावले. मंडळींसाठी नव्हे. त्या तिघांना मी मनात जागा देऊन टाकली होती, आणि तुम्ही एका ओळीत तिघांनाही बाहेर काढलंत. मास्तरांशी तर माझं जाड पाइपावरून भांडण चाललं होतं. पण राग टिकला नाही. खोटं बोलून का होईना, तुम्ही मला मंडळी दिलीत. मी त्यांच्या भरवशावर अडीच महिने काढले.

तुम्ही सांगितलंत तसं केलं. मशीन बंद केलं, सातवा पाइप भरला, पेटवला आणि यांच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले. आधी लाज वाटली. मग म्हटलं, घरात आहे कोण बघायला? सुरुवात केली. म्हटलं, तुमची पाटी काढायला आज दुकानवाला शिडी घेऊन आला होता. त्याला मी चार शब्द सुनावले. मग वाटलं, बिचाऱ्याची काय चूक, आणि मीच शिडी धरली. म्हटलं, लेक म्हणते माझ्याकडे ये, पण तिच्या घरी मी मशीन कुठे मांडू? म्हटलं, तुमचे पाइप मी साबणाने धुतले, रागावू नका. एकदा तोंड उघडल्यावर थांबवेना. मधेच पाइपाकडे पाहिलं तर विझलेला.

काडी ओढली, पेटवला, पाइप खुर्चीजवळच्या ताटलीत ठेवला आणि मशीनवर जाऊन पाठ करून बसले.

वास आला, भाऊजी. तोच. करपट, आंबूस, जसाच्या तसा. विसरले नव्हते मी. पाठीमागून आला आणि मानेपर्यंत आला. माझा हात आपोआप चाकावर गेला आणि तोंडातून निघालं, "ऐकताय का हो?"

आणि मी थांबले, ते काय म्हणतात ते ऐकायला.

पुढचं लिहीत नाही. शिवायला घेतलेला शर्ट भिजला, तो दुसऱ्या दिवशी इस्त्रीने वाळवून दिला. इतके महिने मला वाटत होतं की वास आला की झालं. वास पुरता आला, अगदी पुरता, आणि तेव्हा मला कळलं की हे येणार नाहीत. आठ दिवस तुम्ही इथे होतात, माणसं येत-जात होती, तेव्हासुद्धा ते मला कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी कळलं. पाइप मी नंतर पेटवलेला नाही.

आता माझं ऐका. मागची अंधारी खोली मी मोकळी केली आहे. खिडकीच्या काचांना यांनी काळा कागद चिकटवलेला होता, तो नखांनी खरवडून काढला. अजून कोपऱ्यात राहिला आहे, पण उजेड येतो. खाट टाकली आहे. चार दिवस या, चार महिने या. वास आणायला येऊ नका, तो आता मला नको आहे. लोक काय म्हणतील ते म्हणू द्या, त्यांनाही बोलायला काहीतरी हवंच.

उत्तर फोनवर देऊ नका, तुम्ही "बरं" म्हणून ठेवून द्याल.

तुमची वहिनी


२६ जानेवारी

वहिनी,

शुक्रवारी दुपारच्या गाडीने येतो. आधीच्या गाडीनेही आलो असतो, पण गुरुवारी कप्तानाकडे जाऊन त्याला सांगायचं आहे. त्याला कळणार नाही. तरी सांगून निघावं.

सामान एका पेटीत मावलं. इतक्या वर्षांचं सामान एका पेटीत मावतं, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नंतर तक्रार नको. मला बोलता येत नाही. लहानपणापासून माझ्या वाटचंही दादाच बोलायचा. घरी कोणी आलं की तो बोलायचा आणि मी त्याच्या शेजारी बसून मान हलवायचो. पुढे त्याची सवय झाली आणि कोणाला त्याची अडचणही झाली नाही. पत्रात जमतं, कारण कागद समोर असतो, माणूस नसतो. तुमच्या समोर खुर्चीत बसल्यावर मी पुन्हा "बरं आहे ना? बरं" एवढंच म्हणेन आणि गप्प होईन. तेव्हा उठून मशीनकडे जाऊ नका, थोडं थांबा. मला बोलायचं असेल.

पण सुरुवात तुम्हाला करावी लागेल.

तुमचा दीर